दहा काळे डबे

सातझरी, ता. केळापूर
९ नोव्हेंबर २००६

सुतळी विळ्यानं कापली आणि डबे घरभर गडगडले. दहाही. समीक्षा त्यांच्यामागं धावली. चार हातात घेतले, पाचवा दातांत धरला, कारण हात भरले होते. मी तो ओढून घेतला. ती रडली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत राहिली, मी काय म्हणते ते पाहायला.

कुंदा, तुझं पार्सल पोचलं. दिवाळीत यवतमाळच्या स्टँडवर तू म्हणालीस, नातीला माझ्या बालवाडीत आणता येत नसेल तर बालवाडी तुझ्या घरी पाठवते. मला वाटलं, नुसतं बोलणं. दहाव्या दिवशी पोस्टमन दारात. आमचे किसनराव म्हणाले, "अमरची माय, बाँब त नाई ना आला?"

बस लागली म्हणून तुला तेव्हा सगळं सांगता आलं नाही. जूनमध्ये समीक्षाला पहिलीत घालायचं आहे. गुरुजी आत्तापासून तिला वर्गात बसवून पाहतात. नाव घेतलं तर ओ देत नाही म्हणतात. सांगितलेलं करत नाही. "कानानं कमी हाये का डोक्यानं, ते एकदा पाहून घ्या," असं मला रस्त्यात म्हणाले, चार बाया ऐकत होत्या. अमर आणि सूनबाई वणीला आहेत. दोन वर्षं कापसाकडे पाहून तो कंटाळला आणि कोळशाच्या ट्रकवर गेला. पोरगी माझ्याजवळ आहे, म्हणजे गुरुजींना उत्तर मीच द्यायचं. ते मी देणार.

या डब्यांचं काय करायचं ते तेवढं लिही.

बेबी


यवतमाळ
१८ नोव्हेंबर २००६

बेबी,

डबे फोटो स्टुडिओतून आणले. रीळ काढलं की ते फेकून देतात. माझी अर्धी बालवाडी लोकांनी फेकलेल्या वस्तूंवर चालते.

त्या पाच जोड्या आहेत. एका जोडीत वाळू, एकीत सायकलचे छर्रे, मग तूर, सरकी, मुरमुरे. सगळे डबे अर्धे भरलेले आहेत आणि झाकणांना चिकटपट्टी आहे. बाहेरून दहाही सारखे. मुलानं डबा कानाशी हलवायचा, आवाज ओळखायचा आणि तसाच आवाज असलेला दुसरा शोधायचा. बुडाला रंगाचे ठिपके आहेत. जोडी बरोबर लागली का ते मूल डबे उलटे करून स्वतः पाहतं. तू 'शाबास' म्हणायचं नाही आणि 'चूक' म्हणायचं नाही. तुला तेच अवघड जाईल.

कान कमी असतील तर या खेळात पाच मिनिटांत कळतं. म्हणून तोच आधी पाठवला.

आणखी तीन कामं. परातीत राख पसरून बोटानं रेघा ओढायच्या. बियाण्याच्या पाकिटात उरलेल्या रंगीत बिया असतील तर त्या आणि साधी सरकी चिमटीनं वेगळी करायची. त्यानं पेन्सिलची पकड येते. तिसरं म्हणजे खोटं-खोटं. दुकान, दवाखाना, लग्न, पोरांना सुचेल ते. त्यात ती कोण होते ते मला लिही. मूल कोण होतं, यावरून पुष्कळ कळतं.

कुंदा


सातझरी
३० नोव्हेंबर २००६

कुंदा,

आधी भांडण. पाकिटातल्या रंगीत बियांना औषध लावलेलं असतं. पेरून आल्यावर आम्ही हात धुतल्याशिवाय माठाला शिवत नाही. ते तू पोरीच्या चिमटीत द्यायला सांगतेस? किसनराव म्हणाले, "तुह्या मैत्रिणीले म्हणा, एखांदं पाकीट घरच्या कुंडीत पेरून पाय." मी तूर आणि हरभरा दिला. तिनं ते वेगळे केले, पुन्हा एकत्र केले, पुन्हा वेगळे केले. संध्याकाळच्या वरणाला तूर उरली नव्हती, सगळी तिच्या फ्रॉकमध्ये.

आता डब्यांचं ऐक. पाचपैकी पाच.

मला वाटलं, ठिपके पाहते. दुपट्ट्यानं डोळे बांधले. पुन्हा पाच. माझी नणंद मैनाबाई शेजारी बसली होती, ती हसायला लागली. मग किसनराव बसले. त्यांच्या दोन जोड्या लागल्या. तूर आणि छर्रे एकत्र लावून ते डबे उलटे करायलाच तयार नाहीत. "ठिपकेच चुकले असन," म्हणे. समीक्षानं त्यांच्या हातातून डबे काढून घेतले आणि म्हणाली, "आबा, राऊ दे."

परातीतल्या रेघा सरळ येतात. उभ्या जास्त आवडतात.

खोट्या-खोट्यात ती साहेब होते. आमच्याकडची पोरं दुकान-दुकान खेळत नाहीत. दोन वर्षं झाली, गावात जीपा येतात, माणसं उतरतात, घरोघर फॉर्म भरतात आणि जातात. म्हणून पोरं साहेब-साहेब खेळतात. एक जण वही घेऊन खाटेवर बसतो, बाकीचे खाली उकिडवे. "किती एकर? विहीर हाये का? घरी किती माणसं?" समीक्षा साहेबच होणार, दुसरं काही नाही. समोरचा तोंड उघडतो तोवर हिचा पुढचा प्रश्न. वहीत रेघा ओढते आणि पान उलटते. शेजारच्या रुखमाबाई पाहत होत्या, म्हणाल्या, "हुबेहूब वं बाई. ते बी आपलं आयकत नाई."

बेबी


यवतमाळ
११ डिसेंबर २००६

बेबी,

बियांची चूक माझी. सव्वीस वर्षं मी मुलांना बिया निवडायला दिल्या, पण त्या वाण्याकडच्या होत्या. किसनरावांना सांग, घरात कुंडी नाही.

डोळे बांधून पाचपैकी पाच. माझ्याकडे साडेपाच वर्षांचं मूल पहिल्या दिवशी तीन जोड्या लावतं, चांगलं असेल तर चार. समीक्षाचे कान तीक्ष्ण आहेत. साहेब होते, म्हणजे पुढाकार घेते. वर्गात ओ देत नाही, म्हणजे तिथं ओ देण्यासारखं काही चाललेलं नसेल.

सोबत गुरुजींसाठी चिठ्ठी आहे. त्यात लिहिलंय: 'कु. समीक्षा हिची श्रवणशक्ती खेळाद्वारे तपासली असून ती वयाच्या मानाने उत्तम आहे. तिच्या कानांविषयी शंका ठेवू नये.' खाली सही आणि बालवाडीचा शिक्का. शिक्का असला की माणसं शेवटपर्यंत वाचतात.

पुढचा खेळ शब्दांचा. तू पाठमोरी बस आणि एकेक वस्तूचं नाव घे. तिनं ती आणून द्यायची.

कुंदा


सातझरी
२८ जानेवारी २००७

कुंदा,

वेचणी चालू होती, म्हणून उशीर. हात अजून फाटलेले आहेत, अक्षर समजून घे.

चिठ्ठी गुरुजींना दिली. त्यांनी दोनदा वाचली. तोवर ते समीक्षाला पुढं बसवत होते, हात हलवून बोलवत होते. वाचून झाल्यावर म्हणाले, "कान चांगले हायेत ना? मंग ही आयकून न आयकल्यासारखं करते." दुसऱ्या दिवसापासून ती मागच्या भिंतीशी. महिना झाला. आता ते म्हणतात, जूनमध्ये पहिलीत घेत नाही. अंगणवाडीत आणखी एक वर्ष ठेवा, नाहीतर मंद मुलांचं वसतिगृह असतं, तिथं चौकशी करा.

अमर संक्रांतीला आला होता. गुरुजींनी त्याला गाठून तेच सांगितलं. तो वणीला परत गेला तो वसतिगृहाचा पत्ता खिशात घालून. "माय, तिथं शिकवणारे तरी असतात," म्हणाला. त्याचंही चूक म्हणत नाही. पण पोरगी मी पाठवणार नाही. तू गुरुजींना आणखी कडक चिठ्ठी दे.

शब्दांचा खेळ जमला नाही. पाठमोरी बसलं की ती फिरून माझ्या समोर येते. तिला वाटतं, खेळ तोच आहे.

डबे मात्र रोज निघतात. ती आणि मैनाबाई. आता हलवायलाही लागत नाहीत. दोन तळहातांवर दोन डबे घेते, डोळे मिटते, हात जरा वरखाली करते, की जोडी लागली. मैनाबाई कापसाचं गाठोडं असंच उचलते आणि बोटं दाखवते, इतके किलो. काट्यावर अर्ध्या किलोचा फरक येत नाही. वेचणाऱ्या बाया मोजून घ्यायला आधी तिच्याकडे येतात. पोरीनं तिचंच पाहून उचललं.

बेबी


यवतमाळ
३ फेब्रुवारी २००७

बेबी,

तुझं पत्र तीनदा वाचलं.

'आता हलवायलाही लागत नाहीत' असं लिहिलं आहेस. कधी लागत होते का? पहिल्या दिवशी तिनं डबा कानाशी नेला होता का? आठव आणि खरं लिही.

आता हे कर. मुरमुऱ्याची जोडी बाजूला काढ, तिचं वजन भरत नाही. उरलेले आठ डबे उघड. एका डब्यात सरकी पाऊण भर, तराजूवर ठेव, आणि बाकीचे सात तेवढ्याच वजनाचे कर. वाळू चमचाभर लागेल, छर्रे चार-पाचच. झाकणं पुन्हा चिकटव. आठही डबे हाताला सारखे लागले पाहिजेत, आवाज मात्र वेगळे राहतील. मग तिच्यासमोर ठेव. तू काही बोलू नकोस, खुणा करू नकोस. तुझा चेहराही ती वाचत असेल. काय झालं तेवढं लिही.

आणि एक सांग. मैनाबाई बोटं का दाखवते? तोंडानं का सांगत नाही?

कुंदा


सातझरी
१४ फेब्रुवारी २००७

कुंदा,

डबे रामराव दुकानदाराच्या लहान तराजूवर केले. किसनराव स्वतः गेले होते. रामराव म्हणाला, "किसनराव, सोनं भरून राह्यले काय?" हे एकेक छर्रा काढत आणि घालत राहिले. मला तेव्हाच कळलं की ह्यांना कळलं आहे.

दुपारी ओसरीवर मांडले. समीक्षानं दोन घेतले, वरखाली केले, ठेवले. दुसरे दोन घेतले. सगळे करून पाहिले, पुन्हा पहिल्यापासून केले. मग आठही डबे एका रांगेत लावून माझ्याकडे सरकवले. म्हणाली, "आजी, सग्गे एकच." आणि उठून पाणी प्यायला गेली. तिच्या दृष्टीनं खेळ संपला होता. तिचं उत्तर बरोबरच होतं.

ती माठाशी असताना ह्यांनी छर्‍यांचा डबा घेतला आणि तिच्या पाठीमागं हलवला. कोंबड्या अंगणातून उठल्या. ती वळली नाही. पुन्हा हलवला. मग ह्यांनी डबा खाली ठेवला आणि बैलांना पाणी दाखवायला निघून गेले. बैल सकाळीच पाणी प्याले होते.

तू विचारलंस ते सांगते. मैनाबाई जन्मापासून ऐकत नाही आणि बोलत नाही. माझ्या लग्नात तू तिला पाहिलं आहेस, मांडवात पाणी देत होती ती. तुला मी कधी सांगितलं नाही. आमच्याकडे ते सांगत नाहीत. अमरला पाहायला लोक आले तेव्हा तिला आठ दिवस दुसऱ्या गावी ठेवलं होतं. पोहोचवायला मी गेले होते. ती काही म्हणाली नाही असं मी घरी आल्यावर म्हटलं, आणि सगळे हसले.

पहिल्या दिवशी समीक्षानं डबा कानाशी नेला नव्हता. मला दिसत होतं. मी तुला पाचपैकी पाच लिहिलं, आणि तेही खरंच होतं.

आणखी एक. मैनाबाई कितीतरी दिवसांपासून आपल्या कानाला बोट लावते आणि मग समीक्षाकडे दाखवते. आम्ही म्हणायचो, ही पोरीला स्वतःची गोष्ट सांगते. काल पुन्हा तिनं तेच केलं. ती आम्हाला सांगत होती, कुंदा.

आता मला धीर देणारं काही लिहू नकोस. काय करायचं ते लिही.

बेबी


यवतमाळ
२० फेब्रुवारी २००७

बेबी,

सहा मार्च, मंगळवार. सरकारी दवाखान्यात कानाच्या डॉक्टरांकडे नंबर लावला आहे. पहिली बस पकड, मी स्टँडवर असेन. तिथं बंद खोलीत बसवून तपासतात, दुखत नाही. तिला बसमध्येच सांग, कानांवर टोपीसारखं काहीतरी ठेवतील. समोरून सांग. किसनराव येत असतील तर उत्तम. मैनाबाईला नक्की आण. ती जवळ असली तर समीक्षा घाबरणार नाही, आणि घरातलं कोणाला काय आहे ते डॉक्टर विचारतील तेव्हा ते लपवून चालणार नाही.

गुरुजींना दुसरी चिठ्ठी आजच पोस्टानं पाठवली. तिची नक्कल:

'दि. ११ डिसेंबरची माझी चिठ्ठी चुकीची होती. समीक्षाचे कान तपासले असे मी लिहिले. प्रत्यक्षात तिने डब्यांचे वजन ओळखले आणि मी त्याला आवाज समजले. तिला कमी ऐकू येते अशी दाट शक्यता आहे. तुमची पहिली शंका योग्य होती. माझ्या चिठ्ठीमुळे तिला मागे बसवले असल्यास कृपया उद्याच पुढे बसवावे व तिच्याकडे तोंड करून बोलावे.'

शिक्का तोच मारला आहे.

मी ते डबे शेकडो मुलांच्या हातात दिले. ते सारख्या वजनाचे हवेत, हे मला कधी सुचलं नाही, कारण हातानं तोलणारं मूल माझ्याकडे कधी आलंच नव्हतं. आली असतील तर मी त्यांनाही शाबासकी दिली असेल. गेल्या आठवड्यात बालवाडीतले सगळे डबे मी उघडून पुन्हा भरले.

धीर देऊ नकोस म्हणालीस, देत नाही. एवढंच लिहिते. आवाजाचा खेळ जिनं आवाजाशिवाय सोडवला तिला मी मंद म्हणू देणार नाही, गुरुजींना नाही आणि तिच्या बापालाही नाही. अमरचा वणीचा पत्ता पाठव.

कुंदा


सातझरी
२७ जून २००७

कुंदा,

मार्चमधली तपासणी आणि मे महिन्यात तिला कानाचं यंत्र लावलं ते तू स्वतः पाहिलंस, म्हणून लिहिलं नाही. पण आता शाळा उघडली आहे आणि ते तू पाहिलेलं नाहीस.

यंत्राचा डबा फ्रॉकला जड होतो, वायर ओढली जाते. पहिले आठ दिवस ती काढून फेकायची. मग मैनाबाईनं छातीशी जाड खादीचा खिसा शिवला, आत दुहेरी शिवण, वायरीला एक लहान वळसा. शिवताना डबा सारखा हातावर तोलून पाहत होती. आता तो हलत नाही. समीक्षाला पाच फ्रॉक आहेत, पाचही खिसे झाले. एक खिसा मैनाबाईच्या चोळीलाही आहे. त्यात सुपारी ठेवते. पोरीचा हट्ट होता, म्हणून.

मैनाबाईचे कान तपासून डॉक्टर म्हणाले होते, आता फार उशीर झाला. ते मी तिला खुणेनं सांगितलं. तिनं हात झटकला, जसा माशीला झटकतात, आणि समीक्षाकडे बोट केलं.

अमर शनिवारी येऊन गेला. तुझं पत्र त्यानं मला दाखवलं नाही, पण वसतिगृहाचं नाव काढलं नाही. जाताना ट्रकचा हॉर्न वाजवला, लांबलचक, पोरगी वळते का पाहायला. ती वळली. त्यानं पुन्हा वाजवला. रुखमाबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "पुरे कर बावा, आता आमचे कान जातीन."

काल गुरुजींनी तिचं नाव पहिलीत घातलं. तुझी दुसरी चिठ्ठी त्यांनी हजेरीपटात ठेवली आहे. मला म्हणाले, "शिक्का मारून चूक लिहिणारं माणूस म्या पयल्यांदा पाह्यलं." ती पहिल्या रांगेत खिडकीकडे बसते. हजेरी घेताना ते तिच्याकडे मान वर करतात. काल तिनं ओ दिली. आज दिली नाही, कारण बाहेर वानर आलं होतं, आणि वर्गात आज कोणीच ओ दिली नाही.

सारख्या वजनाचे डबे आठवड्यातून एकदा काढते. अजून ती आधी तोलते. सगळे सारखे लागले की वैतागते आणि मग हलवते. चारपैकी दोन जोड्या लागतात. छर्रे आणि वाळू. तूर आणि सरकी अजून तिला एकच आहेत. किसनरावांच्याही दोनच लागतात. आता ते दोघं मिळून बसतात आणि चिडतात.

तिला नक्की किती ऐकू येतं ते ती सांगत नाही. मी विचारणं सोडलं आहे. पत्र उद्या टाकते.

बेबी

ता. क. २८ जून, सकाळ. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं, बरं झालं. आत्ता अंगणात साहेब-साहेब झालं. समीक्षा खाटेवर, वही मांडीवर. रुखमाबाईंची नात समोर उकिडवी. "घरी किती माणसं?" समीक्षानं विचारलं. ती पोट्टी बोटं मोजायला लागली, तिला वेळ लागला. समीक्षा पेन्सिल धरून थांबली. पोट्टी म्हणाली, "पाच. आन् एक बकरी." समीक्षानं पाच रेघा ओढल्या. मग विचारलं, "बकरी कोन्या रंगाची?"

साडेदहाला शाळेत गेली.